पाण्याखालची भानगड

जून लागला की मालवणजवळच्या आमच्या देवबागात होड्या वाळूवर चढतात, त्यांच्यावर झापं पडतात आणि इंजिनं माणसांच्या घरी राहायला येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. सरकारच्या मते हा माशांच्या प्रजननाचा काळ. आमच्या घरात हा काकांच्या इंजिनाच्या दुखण्याचा काळ. मासे आपला कार्यभाग पाण्याखाली निमूट उरकतात. काकांच्या इंजिनाला मात्र अख्खी वाडी गोळा झाल्याशिवाय बरं वाटत नाही.

इंजिन आऊटबोर्ड आहे. जुनं, पाच हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढायची आणि खांदा जागेवर राहिला तर निघायचं. या उपद्व्यापाचं श्रेय जातं अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेच्या गृहस्थाला. तळ्यातल्या बेटावर सहल चालली होती, होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम खावंसं वाटलं, हा बिचारा वल्हवत किनाऱ्यावर गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याने दीड हॉर्सपॉवरचं, २८ किलोंचं इंजिन विकायला काढलं. त्या बाईंनी त्या दिवशी मालवणी खाजं मागितलं असतं तर माझा यंदाचा पावसाळा सुखात गेला असता.

आऊटबोर्डमध्ये दोन जाती असतात. वर हेड. तिथे सिलिंडर, कार्बोरेटर, प्लग अशी प्रतिष्ठित मंडळी राहतात आणि त्यांच्यावर झाकण असतं. खाली गिअर केस. तो जन्मभर खाऱ्या पाण्यात बुडालेला, खडक त्याने खायचे, जाळ्यांचे तुकडे त्याने गुंडाळायचे, आणि वरून उभी उतरलेली शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आडवी वळवून पंखा त्यानेच फिरवायचा. काका दर नारळी पौर्णिमेआधी हेडच्या झाकणाला निळा ऑइलपेंट देतात, वर पिवळं कमळ काढतात. उरलेल्या रंगाचा एक हात खाली मारतात. त्या एका हातात गिअर केसवरचा झिंकचा ठोकळाही निळा होतो.

हा ठोकळा तिथे बळी जाण्यासाठीच बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो. केसच्या ॲल्युमिनियमऐवजी आपण झिजायचं, एवढंच झिंकचं काम. रंग दिला की त्याला पाणी लागत नाही आणि तो टुकटुकीत राहतो. "बघ, इतकी वर्सा झाली तरी झिजाक नाय," असं काका त्या ठोकळ्यावर बोटाने टिचकी मारून अभिमानाने सांगतात. बाकी सगळं झिजलेलं आहे.

मेअखेरीस इंजिन रिव्हर्सला कडकडायला लागलं आणि बाजूने पाण्याची जी धार सुटते ती थेंबांवर आली. मी पडवीत पाट घेऊन बसलो. गिअर केसला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. खालचा काढायचा, मग वरचा, की तेल वाहू लागतं. ते काळपट, तारेदार यायला हवं. आलं ते दाट, तपकिरी आणि दुधाळ. शेजारचे तात्या पावसाच्या निमित्ताने येऊन बसलेच होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"ही तर चाय झाली!"

एवढ्याने बातमी फुटली. तेलात पाणी शिरलंय म्हणजे पाणी अडवणारं रबरी सील गेलं, हे निदान प्रत्येक येणाऱ्याने स्वतंत्रपणे केलं आणि प्रत्येकाने चहा मात्र खराच घेतला.

सील बदलायचं तर गिअर केस खाली उतरवायला हवा. तो मोजक्या बोल्टांवर लटकतो. बोल्ट स्टेनलेसचे, केस ॲल्युमिनियमची आणि मध्ये कित्येक हंगामांचं मीठ. दोन धातूंच्या फटीत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट तिथे कुळकायद्याने कूळ लागल्यासारखा बसतो. पाना लावला की पाना फिरतो. जोर लावला की बाक फिरतो. बाकावर तात्या बसले की काहीच फिरत नाही.

मग सल्ले सुरू झाले. एकाने डिझेल सांगितलं, एकाने रॉकेल. पण हल्ली रॉकेल मिळतं कुठे, यावर चर्चा गेली आणि रेशन दुकानाच्या इतिहासात रमली. तिसऱ्याने कोकमाचं आगळ ओतायला सांगितलं. काकूने आतूनच जाहीर केलं की आगळाच्या बाटलीला कुणी हात लावला तर त्याला गणपतीपर्यंत सोलकढी मिळणार नाही. हा उपाय तिथेच मिटला. काका हातोडा घेऊन आले. काकांच्या मते जगात दोन प्रकारच्या वस्तू असतात: ठोकून सुटणाऱ्या आणि अजून पुरेशा न ठोकलेल्या.

खरा उपाय उष्णतेचा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून बोल्टाच्या आजूबाजूची केस तापवली की पकड ढिली होते. गॅसची टॉर्च आणली, तापवलं, गंज सोडवायचा स्प्रे मारला, निवू दिलं, पुन्हा तापवलं. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. निळा रंग जळून असा वास सुटला की काकूने देवघराचं दार लावून घेतलं. एकेक बोल्ट कुरकुरत निघाला. शेवटचा निघाला नाही, तुटला. त्याचं मुंडकं टणकन उडून तात्यांच्या कपात पडलं, तेव्हा वाडीने पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. उरलेलं खोड बाहेर काढायला लेथवाला गाठावा लागला. त्याने बरोब्बर मधोमध भोक पाडून, नवे आटे मारून दिले आणि "रंग कोणी दिलान हो?" एवढंच विचारलं. मी काकांकडे पाहिलं नाही.

आत काय होतं ते सांगताना मला अजून गहिवरून येतं. पंख्यामागे तंगुसाचा गुंडा. कुणाच्या तरी तुटक्या जाळ्याचा धागा शाफ्टला गुंडाळत गेला, घासून तापला आणि सीलच्या ओठात शिरला. सीलं तिथे दोन असतात, पाठीला पाठ लावून: एक तेल आत ठेवतं, दुसरं पाणी बाहेर ठेवतं. दोघांची तोंडं फाटली होती. त्याच्या वर पाण्याचा पंप. त्यातलं रबरी चाक समुद्राचं पाणी उपसून हेड गार ठेवतं. त्याच्या सहा पाकळ्यांपैकी चार गायब. पाकळ्या तुटून वाहून जात नाहीत, पाण्याच्या वाटेने वर हेडमध्ये जाऊन बसतात. म्हणून त्या शोधाव्या लागतात. मी तारेने एकेक उकरून काढली आणि काकांनी ती पंचनाम्याच्या गांभीर्याने पाटावर मांडली.

मग निघाला खिळा.

पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक पिन असते. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पंखा खडकावर आपटला की पिन तुटावी आणि आतले गिअर वाचावेत, यासाठी तिला जन्माला घातलेलं असतं. पिन दोन-चारदा तुटल्यावर काकांनी तिच्या जागी खिळा मारला होता. खिळा तुटला नाही. खडकही तुटला नाही. तेव्हा तुटायचं काम गिअरच्या दातांनी केलं.

"खिळो बघ कसो सरळ रवलो!" काका म्हणाले.

सीलांवर तीन आकडे छापलेले असतात: शाफ्टची जाडी, भोकाचा व्यास आणि सीलची रुंदी. ते वाचता आले की कुडाळच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सील मिळतं. दोन्ही मिळून खर्च मासळीच्या एका थाळीहून कमी. गिअर मात्र इतक्या जुन्या इंजिनाचा कुणी ठेवत नाही. तो वेंगुर्ल्याला एका मेलेल्या इंजिनाच्या पोटातून मिळाला, आणि मालकाने त्याचा भाव नव्या इंजिनाच्या नजरेने सांगितला.

जोडणी म्हणजे खाली वाकून वर ढकलायचं. शाफ्टचे दाते क्रँकमध्ये बसायला हवेत, पाण्याची नळी तिच्या रबरात शिरायला हवी आणि गिअरची कांडी जुळायला हवी, तिन्ही एकदम. शाफ्ट बसली की नळी निसटते, नळी धरली की कांडी. मी ढकलत होतो, काका दोरी हळूहळू फिरवत होते आणि तात्या डावीकडे, डावीकडे म्हणत होते. त्यांची डावी बाजू माझी उजवी होती. शेवटी काकू आली, पंख्याला हात घालून थोडा फिरवला आणि सगळं खटकन बसलं. ती भात बघायला परत गेली.

तेल भरताना खरं महाभारत झालं. ते खालच्या भोकातून भरायचं असतं. खालून दाबत वर न्यायचं, हवा वरच्या भोकातून निघते, तिथून तेल डोकावलं की आधी वरचा स्क्रू, मग चटकन खालचा. वरून ओतलं तर हवा आत अडकते. जेमतेम शंभर मिली तेल, पण काकांना ते तत्त्व म्हणून मान्य होईना.

"मगे वरचा भोक देवान कित्याक दिल्यान?"

मी खालूनच भरलं. काका पाठ करून बसले.

पिंपात पाणी भरून इंजिन टांगलं. दोरी ओढली, धूर झाला, तात्या खोकले आणि बाजूने पाण्याची धार सुटली ती थेट त्यांच्या धोतरावर. फॉरवर्ड लागला, रिव्हर्स लागला, कडकड गेली. पंख्यात मी दुकानातली खरी पिन घातली आणि दोन जास्तीच्या काकांच्या देखत डब्यात ठेवल्या.

संध्याकाळी पलीकडच्या आवाटातले एक आजोबा खांद्यावर आपलं इंजिन घेऊन भिजत आले. तुझा हात बसलाय म्हणे, म्हणाले. मी पाट सरकवला आणि पहिल्यांदा विचारलं, पंख्याला खिळा तर नाही ना मारला?

आजोबा दुखावले.

"खुळो काय मी? स्टेनलेसचो रॉड घातलो असा. जल्मात तुटाचो नाय."