एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर कसं बसवावं

समजा, तुम्ही सरकारी विद्यापीठाचे कुलगुरू आहात. साल १९४६, आणि राज्य अमेरिकेच्या दक्षिणेकडचं कुठलंही. हिरवळ छान राखलेली आहे, फुटबॉलचा संघ बरा खेळतोय, देणगीदार खूश आहेत. आणि एका सकाळी तुमच्या केबिनमध्ये एक काळी मुलगी येऊन बसते. मार्क उत्तम, कागदपत्रं पूर्ण, आणि तिला तुमच्याकडे कायदा शिकायचाय.

घाबरू नका. तुमच्याआधी बऱ्याच जणांवर हा प्रसंग आला होता. त्यांनी काय काय केलं ते नीट समजून घेतलंत, तर एका माणसाला एका खुर्चीपासून आठ-दहा वर्षं सहज लांब ठेवता येतं.

आधी एक पथ्य सांगतो. नकाराचं खरं कारण कधीही लेखी देऊ नका. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. खिडकीवरचा माणूस "उद्या या" म्हणतो, "साहेब रजेवर आहेत" म्हणतो, फार झालं तर "एक झेरॉक्स कमी आहे" म्हणतो. ओक्लाहोमा विद्यापीठाचे कुलगुरू जॉर्ज क्रॉस यांना मात्र हे जमलं नाही. १४ जानेवारी १९४६ ला एडा लोइस सिपुएल ही काळी मुलगी कायदा शिकायचा म्हणून नॉर्मन गावी, विद्यापीठातल्या त्यांच्या ऑफिसात गेली. त्यांनी तिची कागदपत्रं तपासून घेतली, त्यांत काही खोट निघाली नाही. मग तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने काय केलं असतं? अर्ज गहाळ केला असता. या गृहस्थांनी पत्र लिहून दिलं, की हिला प्रवेश नाकारण्याचं कारण हिचा वर्ण, दुसरं काही नाही. तिला कोर्टात जायला नेमका तोच कागद हवा होता. कुलगुरू सज्जन असला की संस्थेचं असं नुकसान होतं.

क्रॉस यांचे हात बांधलेले होते हेही खरं. ओक्लाहोमाच्या कायद्याने काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणं हा गुन्हा होता आणि दंडाची आकारणी रोजच्या रोज व्हायची. संस्था चालवणाऱ्याला दंड, शिकवणाऱ्याला दंड, आणि त्या वर्गात बसणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यालाही दंड. कायदा करताना असा करावा. म्हणजे उद्या एखाद्या पोराला शेजारधर्म सुचलाच, तर तो खिशाकडे बघून गप्प बसेल.

पत्र देऊन बसलाच असाल तर पुढचा उपाय परगावचा. मिझुरीने तो करून पाहिला. लॉइड गेन्स नावाच्या पदवीधराने १९३५ मध्ये तिथल्या लॉ स्कूलला अर्ज केला. राज्याचं म्हणणं अगदी प्रेमळ होतं: बाळा, तू शेजारच्या राज्यात शिक, फी आम्ही भरतो. घरचं कार्य असावं आणि नको असलेल्या नातेवाइकाला तिकीट काढून तीर्थयात्रेला पाठवावं, तसं. सुप्रीम कोर्टाला मात्र हे औदार्य पटलं नाही. डिसेंबर १९३८ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल आला: मिझुरीने गोऱ्यांना कायदा मिझुरीत शिकवायचा ठरवलाय ना, मग काळ्यांनाही मिझुरीतच शिकवा. आपलं कर्तव्य दुसऱ्या राज्याच्या गळ्यात बांधता येणार नाही.

पण गेन्स त्या लॉ स्कूलमध्ये कधीच बसला नाही. १९ मार्च १९३९ च्या रात्री शिकागोत तो पोस्टाची तिकिटं आणायला म्हणून बाहेर पडला. परत आला नाही. पुढे काय झालं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. २००६ मध्ये विद्यापीठाने त्याला कायद्याची मानद पदवी दिली.

परगाव जमलं नाही की वेगळं कॉलेज काढा. याला शास्त्राधार आहे. १८९६ मध्ये रेल्वेच्या डब्यावरून झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं होतं, की वेगळं ठेवा, पण सोयी सारख्या द्या. यातलं 'वेगळं' सगळ्या राज्यांनी लगेच अंमलात आणलं. 'सारख्या'चं काम अर्धं शतक चालू होतं. कॉलेज काढायला जागा कुठलीही चालते. मिझुरीने सेंट लुइसमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या इमारतीत लॉ स्कूल थाटलं. ओक्लाहोमाची तर कमालच. सिपुएलच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १२ जानेवारी १९४८ ला, आणि त्याच महिन्यात विधानभवनातल्या खोल्यांत तीन शिक्षकांचं लॉ स्कूल उभं राहिलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं कोण म्हणतं? मनात आणलं तर सरकारला पंधरा दिवसही पुरतात. सिपुएल तिकडे फिरकलीच नाही, आणि दीडेक वर्षात ते कॉलेज मिटलंही.

पण या विषयातला खरा कित्ता टेक्सासचा. हेमन स्वेट हा ह्यूस्टनमधला पोस्टमन. त्याने १९४६ मध्ये ऑस्टिनच्या लॉ स्कूलला अर्ज केला. विद्यापीठाचे अध्यक्ष होते थियोफिलस पेंटर, आणि हे साधेसुधे गृहस्थ नव्हेत. १९२३ मध्ये त्यांनी माणसाची गुणसूत्रं मोजून ती ४८ असल्याचं जाहीर केलं होतं, आणि जगभरातल्या पाठ्यपुस्तकांनी तीस वर्षं तो आकडा इमानेइतबारे छापला. १९५६ मध्ये कुणीतरी पुन्हा मोजली, तेव्हा ती ४६ निघाली. चूक मात्र पूर्ण समतेची होती: काळ्या-गोऱ्या सगळ्यांना दोन-दोन जास्त.

स्वेट कोर्टात गेला, तर न्यायाधीशांनी राज्याला वेगळं लॉ स्कूल उभारायला सहा महिन्यांची मुदत दिली. तुम्हीही नेहमी मुदत मागा. मग ऑस्टिनमध्ये एका इमारतीच्या तळघरात काही खोल्या घेतल्या गेल्या. विद्यापीठातले चार प्राध्यापक आपली मूळची खुर्ची सांभाळून इथे येऊन-जाऊन शिकवणार होते. दहा हजार पुस्तकांचं आश्वासन होतं, त्यांतली थोडीच येऊन पोचली होती. पूर्णवेळ ग्रंथपाल नव्हता. स्वेट काही त्या तळघरात उतरला नाही. मग लक्षावधी डॉलर ओतून ह्यूस्टनला त्याहून बरं काही उभारलं: पाच प्राध्यापक, तेवीस विद्यार्थी, साडेसोळा हजार पुस्तकं. मूळच्या लॉ स्कूलमध्ये सोळा पूर्णवेळ आणि तीन अर्धवेळ प्राध्यापक, साडेआठशे विद्यार्थी आणि पासष्ट हजारांवर पुस्तकं. आता हे 'सारखं' आहे की नाही? दोन्हीकडे छप्पर होतं, दोन्हीकडे फळा होता.

अडचण एवढीच, की न्यायाधीश स्वतः कधीकाळी लॉ कॉलेजात शिकलेले असतात. डॉक्टरकी किंवा पूल बांधणं कशाने येतं हे त्यांना सांगावं लागतं. वकील कसा घडतो हे माहीत असतं. ५ जून १९५० ला सरन्यायाधीश विन्सन यांनी पुस्तकांची संख्या तर मोजलीच, वर मोजता न येणाऱ्या गोष्टींचीही यादी केली: प्राध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, संस्थेची परंपरा. शिवाय, म्हणाले, उद्या ज्या वकिलांशी, ज्युरींशी, साक्षीदारांशी आणि न्यायाधीशांशी याची गाठ पडायची, ते राज्यातले ८५ टक्के लोक तुम्ही या वर्गातून वगळलेत. तेव्हा घ्या त्याला आत. यावरून धडा असा, की कायद्याच्या कॉलेजाबाबत फार जपावं. थर्गुड मार्शल बाल्टिमोरचा; गावातलंच मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल काळ्यांना बंद, म्हणून तो वॉशिंग्टनला हॉवर्डमध्ये शिकला. वकील होऊन परत आला आणि १९३५ मध्ये त्याच लॉ स्कूलवरच्या खटल्यात उभा राहून डोनाल्ड मरे या विद्यार्थ्याला आत बसवून मोकळा झाला. स्वेटच्या वेळीही हाच मार्शल, सिपुएलच्या वेळीही हाच. एक दार बंद ठेवलं आणि दक्षिणेतली निम्मी कुलगुरूमंडळी कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागली.

समजा हेही उपाय थकले आणि विद्यार्थी आत आलाच. तरी हातपाय गाळू नका. आता काम फर्निचरचं.

जॉर्ज मॅकलॉरिन हे निवृत्त प्राध्यापक, एम.ए. झालेले, ओक्लाहोमात शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला आले. कोर्टाने घ्यायला लावलं म्हणून १९४८ मध्ये विद्यापीठाने घेतलं, पण 'वेगळं' ठेवण्याच्या अटीवर. वर्गाला लागून एक छोटी खोली होती, तिथे त्यांचं टेबल. मधलं दार उघडं. त्या दारातून मान वाकडी करून त्यांनी फळा बघायचा आणि प्राध्यापकांचं ऐकायचं. ग्रंथालयात मधल्या मजल्यावर त्यांचं ठरलेलं टेबल. खालच्या वाचनकक्षात बसायचं नाही. उपाहारगृहात ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ. बाकीचे जेवत असताना यांनी जेवायचं नाही.

साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी घरून तरट नेणारा मुलगा मराठी वाचकाला इथे आठवणारच. पण तुलना करताना न्यायाने करा. तरट त्याला स्वतः न्यावं लागे, संध्याकाळी परत आणावं लागे. ओक्लाहोमाने टेबल सरकारी खर्चाने दिलं, तेही एक नव्हे, तीन-तीन.

खटला वर गेला तसं विद्यापीठ थोडं मऊ झालं. मॅकलॉरिनना वर्गात घेतलं, पण भोवती कठडा आणि त्यावर 'काळ्यांसाठी राखीव' अशी पाटी. ही पाटी काही गोऱ्या विद्यार्थ्यांनी उपटून टाकली. विद्यार्थ्यांवर कधी विसंबू नये. मग कठडाही गेला आणि त्यांची रांग तेवढी ठरवून दिली. सगळ्यात नाजूक काम उपाहारगृहाचं झालं. कोर्टाच्या निकालपत्रात ते नोंदलेलं आहे: मॅकलॉरिन इतरांबरोबर ताट घेऊन रांगेत उभे राहू शकतात, उभ्या उभ्या त्यांच्याशी गप्पा मारू शकतात, फक्त जेवताना वेगळं बसायचं. म्हणजे विटाळ रांगेत नाही, बोलण्यात नाही, ताटाला ताट लागण्यात नाही. तो बूड टेकल्यावर सुरू होतो. पंगतीचं शास्त्र आपण हजार वर्षं घोटलं, पण इतका बारीक किस आपल्या शास्त्र्यांनीही काढल्याचं मी वाचलेलं नाही. राज्याने कोर्टाला सांगितलं, की हा फरक नाममात्र आहे. त्यांच्या खुर्चीवरूनही तितकंच दिसतं. कोर्टाचं म्हणणं पडलं, की शिकणं म्हणजे नुसता फळा दिसणं नव्हे, बरोबरीच्या मुलांशी वाद घालणंही त्यात येतं. स्वेटच्याच दिवशी, एकमताने.

सिपुएलचीही हीच कथा. १९४९ च्या जूनमध्ये ती अखेर नॉर्मनच्या लॉ स्कूलमध्ये आली, तेव्हा तिला सगळ्यांत मागे, रिकाम्या रांगांच्या पलीकडे खुर्ची मिळाली, पुढे कठडा आणि पाटी. जेवायला साखळीने वेगळा केलेला कोपरा आणि तिथे रखवालदार. रखवालदाराची पाठ फिरली की काही गोरी मुलं साखळीखालून वाकून आत यायची आणि तिच्याबरोबर जेवायची. तेव्हा साखळी लावाल तर गुडघ्याच्या खाली लावा.

मिसिसिपीचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझा विनोद आटतो. तिथल्या विद्यापीठाने अर्जासोबत माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं मागितली. माजी विद्यार्थी सगळे गोरे. उत्तम कलम, आपल्या पोटनियमात घालून ठेवण्यासारखं. क्लेनन किंग १९५८ मध्ये नाव घालायला गेला, तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली; तिथे शिकायला येणारा काळा माणूस शहाणा असूच शकत नाही, असा तर्क असावा. आणि क्लाइड केनार्ड. कोरियाच्या युद्धातून परतलेला सैनिक, कोंबड्या पाळायचा, दुसऱ्या एका सरकारी कॉलेजात पुन्हा पुन्हा अर्ज करायचा. १९६० मध्ये २५ डॉलरचं कोंबड्यांचं खाद्य चोरवल्याबद्दल त्याला सात वर्षांची सजा झाली. तुरुंगात कॅन्सर निघाला. १९६३ मध्ये तो गेला. २००६ मध्ये कोर्टाने ती शिक्षाच रद्द केली.

शेवटी अलाबामा, कारण तिथे सगळे उपाय एका जागी बघायला मिळतात. ऑथरीन लूसीला १९५२ मध्ये प्रवेश मिळाला होता. मग ती काळी असल्याचं कळलं आणि प्रवेश गेला. तीन वर्षं कोर्ट. ३ फेब्रुवारी १९५६ ला ती पहिल्या वर्गात बसली. वसतिगृह नाही, भोजनगृह नाही, फक्त वर्ग. सोमवारी, ६ तारखेला, जमाव जमला. अंडी, दगड, शिव्या. तिला गाडीतून लपवून बाहेर काढावं लागलं. विद्यापीठाने तत्परतेने कारवाई केली आणि त्या रात्री निलंबित केलं. कुणाला? लूसीला. तिच्याच सुरक्षिततेसाठी. हजार माणसांना निलंबित करायचं तर हजार नोटिसा टाइप कराव्या लागतात, एकीला करायचं तर एक पुरते. तिच्या वकिलांनी विद्यापीठाचं जमावाशी साटंलोटं आहे म्हटलं, तर बदनामी केली म्हणून विश्वस्तांनी तिला काढूनच टाकलं. वर्गात ती बसली ते तीन दिवस.

ती हकालपट्टी १९८८ मध्ये मागे घेतली गेली. लूसीबाई पुन्हा दाखल झाल्या आणि १९९२ मध्ये एम.ए. झाल्या, त्याच समारंभात त्यांच्या मुलीलाही पदवी मिळाली. आता राहिलं पाटीचं काम. आधी बाहेर ठेवलेल्यांची नावं पुढे इमारतींना द्यावी लागतात, त्याची तरतूद बजेटमध्ये करून ठेवा. मेरीलँडच्या लॉ लायब्ररीवर आज मार्शलचं नाव आहे, केनार्डचं नाव त्याच कॉलेजच्या एका इमारतीवर आहे. अलाबामाने एक सुंदर इमारत निवडली, पण तिच्यावर आधीच बिब ग्रेव्ह्ज यांचं नाव होतं: जुने गव्हर्नर, आणि काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेचे पुढारी. विश्वस्तांनी कुणाचंच मन मोडलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी नाव ठरवलं, 'लूसी-ग्रेव्ह्ज हॉल'. विद्यापीठाने आपणहून घातलेली ही पहिली एकत्र पंगत. बोंबाबोंब झाली, तेव्हा आठवडाभरात ग्रेव्ह्जना पानावरून उठवलं आणि 'ऑथरीन लूसी हॉल' एवढंच ठेवलं.

आतापर्यंत प्रत्येक ठिकाणी मी तुम्हाला मुदत मागा, लांबवा, टोलवा असंच सांगितलं. फक्त या समारंभाची तारीख लवकरची घ्या. अलाबामाने २५ फेब्रुवारीची धरली. ९२ वर्षांच्या लूसीबाई आल्या, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसू शकल्या. २ मार्चला त्या वारल्या.