‘पूर्व’ या चिनी अक्षराचा खरा उगम

‘पूर्व’चं चिनी अक्षर (東) म्हणजे झाडामागून उगवणारा सूर्य, ही एका लेखात दिलेली व्युत्पत्ती लक्षात ठेवायला सोपी आहे, पण ती बरोबर नाही. ती शू शेन या चिनी विद्वानाच्या इ.स. 100 च्या शब्दकोशातून चालत आली. त्याच्यासमोर कासवाच्या कवचांवरचे आणि हाडांवरचे त्याहून जुने लेख नव्हते. ते 1899 नंतर अभ्यासात आले. त्यांत हे अक्षर दोन्ही तोंडं बांधलेल्या गाठोड्यासारखं दिसतं. ‘पूर्व’ या शब्दाचा उच्चार गाठोड्याच्या शब्दाला जवळचा, म्हणून गाठोड्याचं चित्र उसनं घेतलं. दिशेचं चित्र काढणार तरी कसं?

लिहिताना याच गोष्टीमुळे घोळ होतो. ‘झाड अधिक सूर्य’ असं डोक्यात बसलं की लोक आधी अख्खं झाड काढतात आणि मग त्यात चौकट कोंबतात. पारंपरिक रूपात 8 रेघा आहेत: वरची आडवी, मग चौकटीच्या 4, मग सगळ्यातून आरपार जाणारी उभी, शेवटी डावा आणि उजवा फाटा. चौकटीतली मधली आडवी रेघ विसरलात तर ‘जुडी’चं अक्षर होतं! चीनमधलं सोपं रूप 5 रेघांचं.

उच्चार ‘तुंग’, सपाट उंच सुरात. ‘तुंग-शी’मधला ‘शी’ पूर्ण सुरात म्हटला तर पूर्व-पश्चिम, हलका सोडला तर ‘वस्तू’. यजमान पूर्वेच्या बाजूला बसे, म्हणून घरमालक आणि भागधारक या शब्दांतही हेच अक्षर आहे.