सील झाकणाला असतं, पाण्याला नाही

मे लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मामेभावाने टाकला. म्हणणं असं: नळाच्या पाण्याचा टीडीएस जास्त, म्हणून ते विष, बाटलीतलं सीलबंद, म्हणून शुद्ध, त्यात मिनरल असतात, आणि बाटली रिसायकल होते, तेव्हा पर्यावरणाची चिंता नको. खाली ‘नागपूरकरांनो, जागे व्हा’. जागाच आहे, म्हणून लिहितो.

आधी टीडीएस, कारण सगळी भीती त्याच्यावरच उभी केली आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, मुख्यतः क्षार. काविळीचा विषाणू टीडीएस मोजणाऱ्या मीटरला दिसत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस बिनघोर चालतो, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंतही. ऊन लागल्यावर डॉक्टर जे ओआरएस पाजतात, त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ७००० मिलिग्रॅम! मेसेजच्या हिशेबाने मेयो-मेडिकलसारख्या सरकारी दवाखान्यांत रोज विष पाजतात म्हणायचं.

फिल्टर विकायला येणारी पोरं दोन सळ्यांचं यंत्र ग्लासात बुडवतात आणि पाणी चहासारखं तपकिरी होतं, तेही याच जातीचं. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि सळीचं लोखंड गंजून उतरतं. ग्लासात दिसते ती घाण त्यांच्या सळीची.

‘सीलबंद म्हणजे शुद्ध’ हा खरा मुद्दा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यावरची बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती उठली आणि दीड-दोन महिन्यांत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने याच पाण्याला ‘अतिजोखमीच्या’ अन्नपदार्थांत टाकलं. सील लावून शुद्धता येत असती तर असं करायची गरज पडली नसती. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडचं पाणी तपासलं, तर लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले. त्यातले ९० टक्के नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. ते शरीरात काय करतात याचा निकाल अजून लागलेला नाही, त्यामुळे ‘बाटलीने कॅन्सर होतो’ असं मी म्हणणार नाही.

तो उलटा फॉरवर्डही फिरतोच: गाडीत तापलेली बाटली म्हणजे कॅन्सर. बाटलीच्या पेट (PET) प्लास्टिकमधून अँटिमनी नावाचं धातूसारखं मूलद्रव्य पाण्यात उतरतं, उष्णतेने जास्त उतरतं, हे खरं. पण २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात पिण्याच्या पाण्यातल्या अँटिमनीची तिथली मर्यादा ओलांडायला ६० अंशांवर १७६ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एका दुपारीने काही होत नाही. मात्र गोदामात आणि पानठेल्यामागे उन्हात अख्खा उन्हाळा काढलेली पेटी मी तरी घेणार नाही.

आणि लग्नातल्या, दुकानातल्या त्या थंड पाण्याच्या कॅनला तर बहुतेक वेळा सीलही नसतं. कोणाच्या बोअरचं पाणी, कॅन आतून कधी धुतली, कोणी विचारतं का?

मिनरलचं दोन वाक्यांत. दुकानातल्या साध्या बाटलीवर बहुधा ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ लिहिलेलं असतं. नैसर्गिक मिनरल वॉटर वेगळं, त्याचं मानकही वेगळं.

राहिलं रिसायकल. रिकाम्या बाटल्या कबाडीवाला नेतो, खरंय. पण फेब्रुवारीत वर्धा रोडवरच्या एका लग्नात जेवणं आटोपल्यावर मी आमच्याच टेबलावरच्या २०० मिलीच्या बाटल्या मोजल्या. अकरा, त्यातल्या सात अर्ध्या भरलेल्या. पोऱ्याने त्या उष्ट्या पत्रावळींसोबत एकाच पिशवीत कोंबल्या. भाजीच्या रश्शात बुडालेली बाटली वेगळी काढणार कोण? ती भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते, नाहीतर नाग नदीत. तिथून कन्हान, वैनगंगा आणि पुढे गोसीखुर्द धरण. शिवाय अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटने २००९ मध्ये हिशेब मांडला होता की बाटलीतल्या पाण्याला नळाच्या पाण्यापेक्षा २००० पटीपर्यंत ऊर्जा लागू शकते. रिसायकल करून ती काही परत येत नाही.

नळाचं पाणी निर्दोष आहे, असं माझं म्हणणं नाही. पेंचचं पाणी नवेगाव खैरीहून येतं, गोरेवाड्याला गाळलं जातं, क्लोरीन घालून शहरात सोडलं जातं. पुढे जुनी पाइपलाइन फुटते आणि पावसाळ्यात गढूळ पाणी येतं, तेव्हा उकळावंच लागतं. पण मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी केली. थेट मेन लाइनच्या नळाचं पाणी थेंब टाकताच पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन शिल्लक होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तसंच पांढरं राहिलं. झाकण उघडलं तर आत बोटभर गाळ आणि एक मेलेली पाल. टाकी शेवटची कधी धुतली, सेक्रेटरीलाही आठवेना. आणि सेक्रेटरी मीच आहे न बाप्पा!

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामेभावाचं उत्तर आलं, ‘दादा, टाकी धुणाऱ्याचा नंबर पाठव.’