‘रिफिल केली की प्रिंटर गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जून उजाडला, शाळेचे प्रोजेक्ट सुरू झाले, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘घरच्या प्रिंटरची कार्ट्रिज कधीही रिफिल करू नका’ असं वर ठळक लिहिलेलं आणि खाली चार गोष्टी. शाई संपल्याची सूचना आली की कार्ट्रिज मेली. बाहेरची शाई हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, जाळते. वॉरंटी रद्द होते. आणि तरीही भरलीच असेल नि छपाईत रेघा येत असतील, तर हेड क्लीनिंग सात-आठ वेळा चालवा, नाहीतर कार्ट्रिज उकळत्या पाण्यात बुडवा. यंदा हे वाचून शेजारच्या वहिनींनी रंगीत कार्ट्रिज सरळ सुक्या कचऱ्यात टाकली. गेली नऊ वर्षं मी घरीच कार्ट्रिज भरतो आहे, त्यामुळे हे बघून गप्प बसवेना.

आधी सूचनेचं. एचपीची ८०३ किंवा कॅननची पीजी-७४५ घ्या. यांच्या आत शाईची पातळी मोजणारं काही नसतं. किती थेंब उडवले याचा हिशेब ठेवून प्रिंटर उरलेल्या शाईचा अंदाज बांधतो. आपण सिरिंजने शाई भरली हे त्याला कळायला मार्गच नाही, म्हणून सूचना तशीच राहते. एचपीवर ‘ओके’ दाबून पुढे जायचं. कॅननवर ई१३ किंवा ई१६ हा शाई संपल्याचा कोड दिसला तर ‘स्टॉप’ बटण निदान ५ सेकंद दाबून धरायचं. त्यानंतर प्रिंटर त्या कार्ट्रिजची शाई मोजणं सोडून देतो, आणि लक्ष ठेवणं आपल्याकडे येतं. एप्सनच्या कार्ट्रिजवाल्या मॉडेलांबाबत मात्र मेसेज अर्धा खरा आहे. तिथे चिप ‘रिकामी’ म्हणाली की ती रिसेट केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय काम पुढे जात नाही.

आता ‘हेड जळतं’ हे. यात सत्याचा कण आहे, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. वर सांगितलेल्या एचपी-कॅनन कार्ट्रिजांमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. आतला बारीकसा हीटर काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. त्या हीटरला थंड ठेवते तीही शाईच. म्हणजे हेड जळतं ते शाई नसताना छापत राहिल्यामुळे. पान फिकट येतंय हे दिसूनही ‘एवढं एकच’ म्हणत दहा पानं काढली, मग रिफिल केली आणि चालली नाही, तर दोष रिफिलचा नाही. कार्ट्रिज आधीच गेलेली होती. फिकटपणा दिसला की थांबायचं आणि त्याच दिवशी भरायची. आणि समजा जळलंच, तरी जाते ती कार्ट्रिज, प्रिंटर नाही. एप्सनचं हेड वेगळं, प्रिंटरमध्येच बसवलेलं आणि न तापवता दाबाने थेंब सोडणारं. म्हणून एकाची शाई दुसऱ्यात घालू नये. ‘सगळ्या प्रिंटरांना चालेल’ असं लिहिलेली बाटली मी कधीच घेत नाही.

बाटलीतून शाई ओतणं हाच गुन्हा असता, तर २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात टाकीवाले प्रिंटर आणलेच नसते. आज तर बहुतेक सगळ्या कंपन्या बाटलीची शाई स्वतःच विकतात.

‘रिफिल फसली’ म्हणून लोक जे घेऊन येतात, त्यात मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण या मेसेजमध्ये नाहीच. पहिलं अर्धं पान झकास येतं आणि मग रंग विरत जातो. थोडा वेळ ठेवलं की पुन्हा अर्धं पान. ही हवा कोंडल्याची खूण. वरच्या स्टिकरखाली हवेसाठी बारीक खाचा असतात. शाई भरून झाल्यावर लोक सगळं सेलोटेपने गच्च बंद करतात, मग आत हवा जात नाही आणि शाई खाली उतरत नाही. टेप काढली की दुखणं संपतं. उलट लाल रंग जांभळट आला किंवा पिवळ्यात हिरवा उतरला, तर शाई जास्त भरली गेली आहे. छोट्या रंगीत कार्ट्रिजच्या एका कप्प्यात मी दीड-दोन मिलीच्या वर जात नाही, आणि कुठल्या भोकात कुठला रंग हे आधी टूथपिक बुडवून बघतो. आणखी एक, पावसाळ्यात कागद दमट असतो, अक्षरं फुटतात आणि बिचाऱ्या शाईला शिव्या बसतात.

क्लीनिंगचा सल्ला तर घातक आहे. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई ओढून प्रिंटरच्या तळाच्या पॅडमध्ये टाकली जाते. ते भरलं की कॅननवर ५बी०० हा एरर कोड येतो आणि प्रिंटर अडून बसतो. शिवाय हवा कोंडलेली असताना क्लीनिंग करणं म्हणजे हीटर कोरडाच तापवणं. मी दोनदा करतो, तिसऱ्यांदा नाही. उकळत्या पाण्याने प्लास्टिक आणि आतले चिकटवलेले सांधे सैल होतात. हाताला सोसेल इतकं कोमट डिस्टिल्ड वॉटर बशीत दोन-तीन मिलिमीटर घ्या, फक्त नोझलची, म्हणजे शाई बाहेर पडणाऱ्या भोकांची, बाजू मिनिटभर टेकवा आणि मग ओल्या टिश्यूवर दाबा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार भोकांत बसतात. तांब्याच्या पट्ट्यांना पाणी लागलं तर पूर्ण वाळवूनच कार्ट्रिज बसवा.

वॉरंटीबद्दल थोडक्यात: एचपीच्या वॉरंटीत स्पष्ट लिहिलेलं आहे की रिफिल वापरल्याने वॉरंटी जात नाही, रिफिलमुळेच बिघाड झाला असेल तर त्या दुरुस्तीचे पैसे पडतात. तुमच्या कंपनीचा कागद काढून वाचा.

वहिनींची कार्ट्रिज मी कचऱ्यातून परत आणली. टिश्यूवर दाबली तर निळा आणि गुलाबी पट्टा लगेच उमटला, पिवळ्याची जागा कोरी. म्हणजे हेड जिवंत होतं, फक्त पिवळा कप्पा सुकला होता. दीड मिली शाई भरली, तासभर तशीच ठेवली आणि पुन्हा दाबली. तिसरा पट्टा आला.