‘आधी शिस्त, मग हक्क’ म्हणणाऱ्या सांगलीकर वाचकाला

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ट्युनिशियात 2011 च्या क्रांतीनंतर हक्कांचा अतिरेक झाला, म्हणून राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांना कारभार हाती घ्यावा लागला, आपल्या पत्रीसरकारनं तरी कुठे कोर्टाची वाट बघितली?

लोक संसदेला विटले होते, हे मान्य. 25 जुलै 2021 च्या रात्री संसद गोठवल्यावर लोक जल्लोष करत रस्त्यावर आले. पण बिघाड हक्कांत नव्हता, न भरलेल्या खुर्च्यांत होता.

2014 च्या घटनेत 12 न्यायाधीशांचं घटना न्यायालय होतं, म्हणजे कायदे आणि कारभार घटनेला धरून आहेत का ते बघणारं. चार संसदेनं, चार न्यायमंडळानं (न्यायाधीशांच्या नेमणुका-बदल्या बघणारी संस्था), चार राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे. मुदत निवडणुकीनंतर एक वर्ष. 2015 च्या कायद्यानं क्रमही बांधून टाकला : आधी संसद, मगच बाकीचे. संसदेत 217 पैकी 145 मतं लागत. कुणालाच दुसऱ्याचा माणूस नको, त्यामुळे 2021 पर्यंत एकच नाव पार पडलं. संसद अडली आणि मागचे आठही अडले. सोसायटीच्या संचालकांनी भांडणापायी ऑडिटरच नेमू नये, तसं झालं. तात्पुरती एक समिती होती, पण ती फक्त विधेयकं तपासायची. 2021 मध्ये 145 ची अट 131 वर आणायचं संसदेनं ठरवलं, तर सईद यांनीच सही केली नाही.

मग त्यांनी घटनेतलं कलम 80 पुढे केलं, राष्ट्रावर संकट आलं तर राष्ट्राध्यक्षांना विशेष अधिकार देणारं. त्या काळात संसदेचं अधिवेशन सतत चालू राहील, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय! 30 दिवसांनंतर ही स्थिती पुढे चालू ठेवायची का, ते घटना न्यायालयाला विचारता येत होतं. तिथं बसलेलं कोण होतं?

आणि शिस्त म्हणाल, तर फेब्रुवारी 2022 मध्ये सईद यांनी न्यायमंडळ बरखास्त केलं, जूनमध्ये 57 न्यायाधीश घरी गेले. प्रशासकीय न्यायालयानं बहुतेकांच्या बडतर्फीला स्थगिती दिली, तरी त्यांना रुजू करून घेतलं नाही.

राहिलं पत्रीसरकार. 1943 ते 46, परकी सत्तेविरुद्धचा भूमिगत लढा. कोर्ट इंग्रजांचं, त्याची वाट बघायची कशाला? आणि तंटे सोडवायला त्यांनीही गावोगावी न्यायदान मंडळं उभी केलीच होती, हे सांगलीच्या माणसाला मी काय सांगणार. दाखलाच द्यायचा तर औंध संस्थानाचा द्या : 1939 मध्ये तिथल्या राजानं घटना देऊन आपली सत्ता लोकांकडे सोपवली. तुमच्या जिल्ह्यातली आटपाडीही त्याच संस्थानातली.