केशरी कार्ड असलं म्हणजे मोफत धान्य मिळतंच, असं नाही

केशरी रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य मोफत, हा नागपुरात फिरणारा संदेश अर्धवट आहे. हे धान्य फक्त 'प्राधान्य कुटुंब' यादीत नाव असलेल्यांना मिळतं. त्यासाठी राज्यानं ठरवलेली वार्षिक उत्पन्नमर्यादा शहरात 59 हजार, ग्रामीण भागात 44 हजार. म्हणजे शहरात महिना 5 हजारांत घर चालवणारं कुटुंबही बाहेर! ही मर्यादा वाढायलाच हवी. अंत्योदय कार्डाचे (सगळ्यात गरीब कुटुंबांचं कार्ड) 35 किलो अख्ख्या कुटुंबाचे, माणशी नव्हेत.

ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) घरातल्या प्रत्येकाची लागते. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर ती मोफत होते. बांधकामावर बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांच्या स्कॅनरबद्दल विचारा. यादीत नाव घालणं दुकानदाराच्या हातात नाही. उत्पन्नाचा दाखला जोडून शहरातल्या अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.