१७ नोव्हेंबरच्या फलकावर अजून एक नाव हवं

कर्नल संतोष महाडिक कोण, हे साताऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. पोगरवाडीचे, आमच्या सैनिक स्कूलचे, पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये आणि शेवटी काश्मिरात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात हाजी नाक्याच्या जंगलात अतिरेक्यांची गोळी लागली आणि त्याच दिवशी ते गेले. त्यांच्या पत्नी स्वातीताईंनी वयाची अट शिथिल करून घेतली, खडतर प्रशिक्षण पुरं केलं आणि २०१७ साली त्या लष्करात अधिकारी झाल्या. हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

आता याच लोकांना लेफ्टनंट कर्नल करणबीर सिंग नत्त हे नाव विचारून बघा.

नत्त पंजाबातल्या बटाल्याकडचे. १९९८ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये अधिकारी झाले, १४ वर्षं नोकरी करून बाहेर पडले. तिथे थांबले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण पुन्हा वर्दी चढवली, या वेळी टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे लष्कराच्या राखीव दलाची. महाडिक साहेब गेल्यानंतरही हाजी नाका परिसरातली मोहीम चालूच होती. त्याच नोव्हेंबरात, त्याच मोहिमेत नत्त यांच्या चेहऱ्यावर गोळी लागली. जबडा फुटला, मेंदूला इजा झाली. श्रीनगर, मग दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल, मग जालंधरचं मिलिटरी हॉस्पिटल. शुद्ध काही परत आली नाही. मिळालेलं सेना मेडल त्यांना कधी पाहताच आलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. आठ वर्षं झाली होती.

मोहीम एक, जंगल एक, महिना एक. एकाला मरण काही तासांत आलं, दुसऱ्याला आठ वर्षांनी. आपल्या आठवणीत मात्र केवढा फरक! नत्त गेल्याची बातमी आली तेव्हा मी चार ठिकाणी सांगितली, तर 'अरेरे, कोण हो हे?' एवढंच ऐकायला मिळालं.

आठ वर्षं बेशुद्ध माणूस सांभाळायचा म्हणजे काय, हे ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यालाच कळेल. आमच्या आत्याला पक्षाघात झाला होता तेव्हा मी थोडंफार केलंय. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीने भरवायचं, तेही डोकं वर ठेवून, सावकाश. घशात कफ घरघरला की सक्शन, म्हणजे नळीने तो ओढून काढायचा. हातापायाची बोटं आखडू नयेत म्हणून रोज एकेक सांधा हलवायचा. आणि हे सगळं करताना समोरच्या माणसाशी बोलत राहायचं, उत्तर येणार नाही हे माहीत असून. आत्या निदान डोळ्यांनी ओळख द्यायची. नत्त यांच्या पत्नीला आणि दोन मुलींना तेवढंही नव्हतं. लष्कराचं रुग्णालय होतं, डॉक्टर होते, नर्सिंगचा स्टाफ होता, मान्य. पण वाट बघण्याचं काम स्टाफकडे देता येत नाही.

पुण्यातल्या खडकीच्या युद्ध स्मशानभूमीची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन करतं, म्हणजे महायुद्धांतल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था. युद्धात मेलेला कोणाला म्हणायचं, याची त्यांनी तारीखच ठरवून टाकली आहे. पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७. त्या दिवसापर्यंत जखमेने गेलात तर यादीत, दुसऱ्या दिवशी गेलात तर नाही. हा खास साहेबी कारकुनी हिशोब. तरी त्यांनी लढाई संपल्यावर दोन-तीन वर्षांची मुदत दिली आणि ती कागदावर लिहून ठेवली. आपली मुदत कुठेच लिहिलेली नाही, पण त्याहून कितीतरी कडक आहे. तिरंग्यातली पेटी गावात आली, पुढारी येऊन गेले, फ्लेक्स उतरले की आपलं खातं बंद. त्यानंतर कुणी जखमेने गेला तर तो 'आजारपणात वारला'.

त्याच खडकीत जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक सेंटर आहे, १९७४ पासूनचं. व्हीलचेअरवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं आहेत तिथे. पुण्यात जन्म काढलेल्या किती जणांना ते माहीत आहे?

कुणीतरी म्हणेलच की नत्त पंजाबचे, त्यांचं बटालावाले बघतील, आपल्याला आपले काय थोडे आहेत? आपल्या जिल्ह्यात खरंच थोडे नाहीत. पण ज्यांनी आपल्या माणसाला मारलं, त्यांचा माग काढताना हा माणूस पडला. आपला नाही तर कोणाचा? आणि यात महाडिक साहेबांचा मान कमी होतो असं मला अजिबात वाटत नाही. ते असते तर त्या जालंधरच्या खाटेशी सगळ्यात आधी तेच जाऊन उभे राहिले असते, असं मी आपली खुशाल समजते.

तर मागणी साधी आहे. दर १७ नोव्हेंबरला आपल्याकडे कार्यक्रम होतात, फलक लागतात, पोरं भाषणं पाठ करतात. त्या फलकावर महाडिक साहेबांच्या खाली एक ओळ वाढवा : ले. कर्नल करणबीर सिंग नत्त, सेना मेडल, जखमी २०१५, निधन २०२३. दोन्ही सालं लिहा, त्यातलं एकही गाळू नका. भाषण लिहून देणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनीही दोन वाक्यं वाढवावीत. फ्लेक्सचा खर्च निघत नसेल तर मला सांगा, त्या ओळीचे पैसे मी देते.